शिंदे घाट आणि आनंदवनातील बागा

काशी म्हटले की मराठी मनापुढे प्रथम घाट उभे राहतात. अहिल्याबाईंचा घाट, नागपूरकर भोसल्यांचा घाट, अमृतराव पेशव्यांचा गणेश घाट, दुर्गाघाट, ब्रह्माघाट ही नामावळी आपल्याकडील इतिहासाच्या पुस्तकांतून वारंवार येते, आणि ते योग्यच आहे. अठराव्या शतकाच्या मध्यापासून पुढची सुमारे शंभर वर्षे मराठ्यांनी गंगेच्या काठी जेवढा दगड रचला, तेवढा बाहेरच्या दुसऱ्या कोणा प्रांताच्या लोकांनी रचला असेल असे वाटत नाही. परंतु ज्या देवांसाठी हे सारे बांधावयाचे, त्या देवांना रोज पहाटे ताजे फूल लागते, बेल लागतो, तुळस लागते, ऋतूचे फळ लागते. घाट एकदा बांधला की पिढ्यान्पिढ्या पुरतो. फुलांची परडी मात्र रोज नव्याने भरावी लागते. ती कोठून भरली जाई, कोण भरी आणि ती आणावयास काशीतला मराठी माणूस कोठवर जाई, हा प्रश्न आपल्या इतिहासलेखकांनी फारसा विचारलेला नाही. पायऱ्यांची मोजदाद झाली, बागांची राहून गेली.

मणिकर्णिकेच्या उत्तरेस अगदी लागूनच शिंदे घाट आहे. त्याचे जुने नाव वीरेश्वर घाट. घाटाच्या वर गल्लीत आत्मवीरेश्वराचे देवालय असून, अग्नीचा जन्म या स्थानी झाला आणि येथे आराधना केली असता पुत्रलाभ होतो, अशी परंपरागत समजूत आहे. हा घाट १८३० च्या सुमारास बांधविला तो बायजाबाई शिंद्यांनी. कागलच्या सर्जेराव घाटग्यांची ही कन्या. १७९८ साली पुण्यास तिचे दौलतराव शिंद्यांशी लग्न झाले, आणि २१ मार्च १८२७ रोजी दौलतराव मागे पुत्र न ठेवता निवर्तले. जनकोजीला दत्तक घेऊन बाईंनी कारभार हाती ठेवला. १८२८ मध्ये त्यांनी ज्ञानवापीच्या विहिरीभोवती स्तंभांचा मंडप उभा केला, आणि त्यामागोमाग वीरेश्वराच्या पायथ्याशी हा प्रचंड घाट. पुत्र देणाऱ्या देवाच्या पायाशी एका निपुत्रिक राणीने एवढी संपत्ती ओतावी, आणि १८३३ मध्ये त्याच दत्तक पुत्राच्या पक्षाने तिला ग्वाल्हेरीतून बाहेर काढावे, हा योगायोग मन विषण्ण करणारा आहे.

घाटाचे नशीबही बाईंच्या नशिबासारखेच निघाले. बांधकाम इतके अवजड झाले की नदीकाठच्या मऊ गाळाला ते पेलवेना. थोड्याच वर्षांत तो खचला, मोठमोठे बुरूज फाटले आणि पायऱ्या पाण्याकडे कलल्या. पुढे १९३७ साली ग्वाल्हेर संस्थानाने त्याची डागडुजी केली. घाटाच्या पायथ्याशी पाण्यात उभे असलेले रत्नेश्वराचे देऊळ आजही एका बाजूस झुकलेले दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या साठीतील छायाचित्रांत ते सरळ उभे आहे, त्या अर्थी त्याचे कलणे त्यानंतरचे म्हटले पाहिजे. कोणी शाप सांगतात, कोणी दासीच्या गर्वाची कथा सांगतात. या कथा प्रत्येक नावाडी आपापल्या परीने सांगतो. पावसाळ्यात गंगा या देवळाच्या गाभाऱ्यात शिरते, पाणी उतरले की गाळ मागे राहतो आणि पूजेला वर्षातले थोडेच दिवस मिळतात. ज्या नगरीत लहानसहान लिंगालाही रोज ताजे फूल मिळते, तेथे हे शिल्पसंपन्न देवालय महिनोन्महिने फुलाविना राहते.

काशीला पुराणांत आनंदवन किंवा आनंदकानन म्हटले आहे. काशीखंडात हे नाव पुनःपुन्हा येते. समर्थ रामदासांनी आपल्या प्रसिद्ध प्रकरणाला ‘आनंदवनभुवन’ हे नाव दिले, ते याच क्षेत्राचे नाव उसने घेऊन. आजच्या काशीतील चिंचोळ्या, उन्हाला पारख्या झालेल्या गल्ल्या पाहिल्या म्हणजे तिला वन कोणी का म्हणावे, असा प्रश्न पडतो. हे केवळ कविकल्पनेचे नाव असावे असेही वाटते. पण कागदपत्रांची साक्ष निराळी आहे. १८९२ मध्ये राजघाटाजवळच्या कमौली या खेड्यात गाहडवाल राजांचे ताम्रपट सापडले. बाराव्या शतकातील गोविंदचंद्रादी राजांच्या या दानपत्रांत गाव देताना त्यातील काय काय दिले, याची एक ठरीव यादी येते. जल आणि स्थल, लोखंड-मिठाच्या खाणी, मासळीची स्थाने, खाचखळगे आणि खारवट जमीन, गायरान यांच्या बरोबरीने मोहाची व आंब्याची बने आणि वाटिका यांचाही तीत उल्लेख असतो. आपल्याकडील इनामांच्या सनदा ज्यांनी वाचल्या असतील, त्यांना यात ओळखीचा सूर लागेल. जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण आणि निधिनिक्षेप अशी आपल्या सनदांची भाषा. मात्र मराठी सनदेतला ‘तरु’ हा कोणताही वृक्ष असू शकतो. गाहडवालांच्या लेखनिकाने आंबा आणि मोह नावानिशी नोंदले. गंगाकाठच्या प्रदेशात आमराई ही महसुलाच्या दृष्टीनेही स्वतंत्र वस्तू होती, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

पुढील शतकांत नगर वाढले, तरी त्याच्या पश्चिमेकडील आणि दक्षिणेकडील कडा बागांच्याच राहिल्या. १७८१ च्या ऑगस्टात वॉरन हेस्टिंग्ज राजा चेतसिंगाला कैद करावयास काशीत आला, तेव्हा त्याचा मुक्काम कबीरचौऱ्याजवळच्या माधोदासाच्या बागेत होता. दुर्गाकुंडाजवळच्या आनंदबागेत १६ नोव्हेंबर १८६९ रोजी स्वामी दयानंद आणि काशीचे पंडित यांचा तो विख्यात शास्त्रार्थ झाला, आणि त्यात पंडितांच्या बाजूने बोलणाऱ्यांत बाळशास्त्री रानडे हे मराठी विद्वान होते. राज्याचे संकट असो की वेदांचा अर्थ असो, त्याचा निकाल लावावयास काशीत माणसे बागेत जमत, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

सामान्य काशीकराला मात्र बागेत जावयास एवढे मोठे निमित्त लागत नसे. त्याच्या बोलीत ‘बहरी अलंग’ असा एक शब्दप्रयोग आहे. बहरी अलंग म्हणजे नगराची बाहेरली बाजू. दुपार कलली की चार मित्रांनी मिळून गावाबाहेरच्या एखाद्या बागेत अथवा नावेतून पैलतीरी जावयाचे, तेथे भांग घोटावयाची, विहिरीवर किंवा गंगेत स्नान करावयाचे, धोतरे धुऊन वाळवावयाची, ऋतूचे फळ खावयाचे आणि दिवेलागणीला परतावयाचे, असा हा नित्यक्रम. आपल्याकडील हुरडा पार्टी वर्षातून एकदा होते. काशीकराची ही सहल बाराही महिने चाले. कर्मठ मराठी शास्त्रीमंडळींना भांगेचे वावडे असे, पण पैलतीरीच्या मोकळ्या वाळूचे आणि बागेतल्या विहिरीचे वावडे कोणाला असणार?

१८२० ते १८३० ही दहा वर्षे जेम्स प्रिन्सेप टांकसाळीचा अधिकारी म्हणून काशीत होता. त्याने नगराचा नकाशा केला, लोकसंख्या मोजली आणि ती सुमारे १ लाख ८० हजार भरली. पाणथळ जागांनी रोगराई होते म्हणून त्याने मच्छोदरी तळ्याचे पाणी काढून दिले, आणि त्या भागात विश्वेश्वरगंजचा बाजार वसला. धान्य, किराणा आणि भाजीपाला यांचा हा बाजार पंचगंगा, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट या मराठी वस्तीला जवळ पडे. शिंदे घाटाचा पाया भरला जात होता, त्याच सुमारास नगराच्या पोटातली तळी बुजू लागली होती. कमळे आणि शिंगाडे पुरवणारे पाणी गेले आणि दुकानांच्या रांगा आल्या. आरोग्याच्या दृष्टीने प्रिन्सेपने केले ते चूक म्हणता येणार नाही. पण आनंदवनाचा पहिला लचका तोडला गेला तो येथे.

या परिसरातील मराठी वस्ती शिंद्यांच्याही बरीच आधीची. १५७३ साली एकनाथांनी आपली भागवतावरील टीका पूर्ण केली ती काशीतच, मणिकर्णिकेच्या परिसरात. पेशवाईत वैदिक, शास्त्री, पुराणिक आणि त्यांच्या पाठोपाठ काशीवासाला येणाऱ्या वृद्ध स्त्री-पुरुषांची रीघ लागली. यांत विधवा पुष्कळ असत. घरच्यांनी महिन्याकाठी पाठविलेल्या तुटपुंज्या रकमेवर, एखाद्या वाड्यातील अंधाऱ्या खोलीत, मृत्यूची वाट पाहत राहावयाचे, असे या काशीवासाचे चित्र सामान्यतः रंगविले जाते. ते खोटे नाही. परंतु ते पुरते नाही. या बायकांचा दिवस पहाटेच्या गंगास्नानाने सुरू होई आणि स्नानाहून परतताना माळिणीशी घासाघीस करून फुले घेण्यात त्याचा पहिला प्रहर जाई. माहेरी-सासरी ज्यांना उंबऱ्याबाहेर पाऊल टाकावयाची मुभा नव्हती, त्या येथे आपल्या हाताने बाजार करीत, भाव ठरवीत, कोणत्या बागेतला बेल कोवळा आणि तीन पानांचा अखंड असतो याची माहिती ठेवीत. लाखोलीचा संकल्प केला असेल तर प्रश्नच मिटला. एक लाख बेलपाने किंवा एक लाख फुले वाहावयाची म्हणजे रोज हजार वाहिली तरी शंभर दिवस लागतात. त्यासाठी एका माळिणीची परडी पुरत नाही; बागवाल्याशीच बोलणे करावे लागते. व्रताच्या निमित्ताने का होईना, पांढऱ्या लुगड्यातील या बायका बागांच्या फाटकापर्यंत पोचल्या. इतिहासात त्यांची नावे नाहीत.

फुलांची नावेही त्यांना नव्याने शिकावी लागत. आपला झेंडू तिकडे गेंदा होतो, मोगरा बेला होतो, रुईला मदार म्हणतात. शिवाला मदाराच्या माळा आणि धोत्र्याची फळे, बिंदुमाधवाला तुळशीचे हार, देवीला जास्वंद, अशी देवागणिक मागणी वेगळी. ही फुले कोठे पिकत? वरुणेपलीकडच्या चिरईगावच्या बाजूस आणि नगराच्या भोवतालच्या खेड्यांत. माळी आणि कोइरी या समाजांनी ही शेती पिढ्यान्पिढ्या सांभाळली. कोइऱ्याचे शेत लहान. पण विहीर, खत आणि घरच्या सर्वांचे हात यांच्या जोरावर वर्षात तीन पिके काढण्याची त्याची ख्याती. फुले पहाटेच्या आधी खुडावयाची, ओल्या फडक्यात बांधावयाची आणि उजाडताना बाजारात उतरावयाची. विश्वनाथाच्या गल्लीपासून जवळच असलेल्या बांसफाटकचा फुलबाजार अशा परड्यांनी भरत असे. तेथून माळिणी टोपल्या घेऊन घाटाघाटांवर पांगत. मणिकर्णिकेला फुले लागत ती देवापुरतीच नव्हेत. शेवटच्या प्रवासाला निघालेल्यांच्या अंगावरही त्याच झेंडूच्या माळा पडत, आणि त्यांतील कितीतरी प्रवाहाबरोबर शिंदे घाटाच्या पायऱ्यांना येऊन लागत.

गुलाबाची गोष्ट स्वतंत्र आहे. काशीच्या पूर्वेस गंगाकाठीच गाझीपूर आहे. बिशप हेबर १८२४ मध्ये येथून गेला, तेव्हा त्याने तेथील गुलाबाच्या शेतांची आणि गुलाबपाण्याच्या धंद्याची हकीकत लिहून ठेवली. बाग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे ताटवे येतात. गाझीपूरचा गुलाब शेतात, पिकासारखा लावलेला असे. उमललेली फुले ऊन चढण्याआधी तोडून पाण्याबरोबर भट्टीवर चढवीत, गुलाबपाणी उतरवून घेत आणि त्यावर थंडीत तरंगणारा तवंग पिसाने किंवा फडक्याने टिपून अत्तर करीत. फुलांच्या राशीतून थेंबभर अत्तर निघे. या गुलाबाच्या हंगामातच काशीत ‘गुलाबबाडी’ची मैफल भरे. चैत्रात, होळीनंतर, गुलाबी आणि पांढऱ्या वेषात रसिक बसलेले, गालिच्यावर पाकळ्यांचा सडा, गुलाबदाणीतून उडणारे तुषार आणि चैतीचे सूर, असा तो थाट. काशीच्या संगीतावर पुष्कळ लिहिले जाते, पण चैती हा गानप्रकार एका पिकाच्या काढणीशी इतका जवळून जोडलेला आहे, हे क्वचितच सांगितले जाते.

आता फळांकडे वळू. काशीचे बोर, काशीचा आवळा आणि काशीचा लंगडा ही तीन नावे फळबागांच्या शास्त्रात स्वतंत्र जाती म्हणून मान्यता पावलेली आहेत. थंडीत प्रयागचा पेरू येतो. उन्हाळ्यात गंगा आटली की वाळूत खड्डे घेऊन खरबुजे आणि काकड्या लावतात. पहिल्या पुराबरोबर ती शेते नाहीशी होतात आणि पुढच्या वर्षी वाळू जेथे उघडी पडेल तेथे पुन्हा आखली जातात. पावसाळ्यात करवंद येते. सह्याद्रीतल्या काळ्याभोर करवंदांवर वाढलेल्या माणसाला चिरईगावचे पांढरे-गुलाबी टपोरे करवंद पाहून ते करवंद आहे असे पटत नाही. पण लोणच्याला आणि मुरंब्याला त्याची सर आपल्या करवंदाला नाही. पैलतीरीचे रामनगरचे वांगे हे फळबाजारात मोडत नाही खरे, तथापि भरतासाठी ते नावेतून येई आणि मराठी चुलीवर त्याचे स्वागतच होई. नारळ मात्र या मातीत होत नाही. कोकणस्थ गृहिणीला काशीत सर्वांत जास्त कशाची उणीव भासत असेल तर ती नारळाची.

आवळ्याचे तर निमित्तच बागेत जाण्याचे. कार्तिक शुद्ध नवमीस आवळीच्या झाडाखाली पूजा करून तेथेच भोजन करावयाचे, ही चाल काशीतही आहे आणि महाराष्ट्रातही कार्तिकात आवळीभोजन होते. शुद्ध पक्षात दोन्हीकडचा महिना एकच असल्याने या दिवशी मराठी आणि स्थानिक कुटुंबे एकाच आवळीखाली पाने मांडू शकत. वद्य पक्षात तसे होत नाही. तेथे पंचांगांत पंधरा दिवसांचे अंतर पडते.

लंगडा हा काशीचा राजा. पाय अधू असलेल्या एका साधूच्या अंगणातील झाडावरून हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. फकीर की पुजारी, याबद्दल सांगणाऱ्याप्रमाणे पाठभेद होतो. एवढे मात्र खरे की या जातीची झाडे कलमानेच वाढवितात. कोय लावली तर तोच आंबा मिळेल याची खात्री नाही. तेव्हा लंगड्याचे प्रत्येक खरे झाड त्या पहिल्या झाडाची फांदीच म्हणावयाचे. कलमाची कला गोव्यात पोर्तुगीजांनी रुजविली आणि त्यातून आपला हापूस आला. लंगड्याची वंशावळ निराळी, युक्ती तीच. हापूस मृगाच्या तोंडाशी संपतो, आणि तेव्हा लंगडा यावयास लागतो. पिकला तरी तो हिरवाच राहतो, म्हणून नवख्या मराठी यात्रेकरूला तो कच्चा वाटतो आणि फळवाल्याने फसविले असे समजून तो भांडावयास उठतो. गर एकदा चाखला की भांडण मिटते.

काशीतला जाणता माणूस हा आंबा बाजारात घेण्यापेक्षा बागेत जाऊन घेणे पसंत करी. मोहोर आला की बागमालक पीक मक्त्याने देतो. मक्तेदार फळ धरल्यापासून बागेतच मडई घालून राहतो. लंगडा एक वर्षाआड भरतो, त्यामुळे मक्ता हा जुगारच; त्यात वैशाख-ज्येष्ठातली एखादी वावटळ अर्धी बाग झोडपून जाते. पडलेल्या कैऱ्या लोणच्याला आणि पन्ह्याला कवडीमोलाने जातात. काशीच्या फळव्यापारात खटिक समाजाचा वाटा मोठा आहे, आणि बागेचा अंदाज केवळ मोहोर पाहून बांधण्यात त्या समाजातील जुनी माणसे निष्णात असतात. झाडावर पिकलेला तो ‘डाल’चा आंबा आणि पेंढ्यात पिकविलेला तो ‘पाल’चा. आपण पाड आणि अढी म्हणतो ते हेच. मोजणी ‘गाही’ने होते, एक गाही म्हणजे पाच नग. घाऊक बाजाराला काशीत ‘सट्टी’ म्हणतात. चंदुआ सट्टी, सुंदरपूरची सट्टी ही नावे आजही चालू आहेत. पहाटे चार वाजता सट्टी ऐन रंगात असते, सात वाजता ओसरते.

येथे मराठी माणसाच्या एका विलक्षण चालीचा उल्लेख केला पाहिजे. काशीयात्रा किंवा गयावर्जन केले की एखादे आवडते फळ कायमचे सोडावयाचे. मनापासून आवडते तेच फळ सोडण्यात पुण्य; न आवडणारे सोडून देवाला फसविणारेही काही निघतच. शेकडो मैलांची पायपीट करून, आंब्याच्या या माहेरघरी येऊन, आंबाच सोडून परत जावयाचे! या त्यागाची थट्टा करणे सोपे आहे. पण कोकणातील एखाद्या म्हातारीने हापूस सोडला, तर त्या एका शब्दाने तिचे उरलेले सारे उन्हाळे बदलत. घरात अढी लागे, नातवंडे कोया चोखीत, आणि ती पाटावर बसून फक्त वाढीत असे. काशी तिच्या बरोबर घरी आलेली असे ती या न खाल्लेल्या फळाच्या रूपाने. तोंडी परंपरेने टिकलेला हा भाग आपल्या यात्रावर्णनांत फार थोडा उतरला आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये घराबाहेर पडले ते याच बायजाबाई शिंद्यांच्या संकल्पित यज्ञाची वार्ता ऐकून. दक्षिणेच्या आशेने निघालेले भटजी बंडाच्या वणव्यात सापडले, झाशीचा वेढा पाहिला आणि अखेर गंगेची कावड घेऊन घरी आले. १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘माझा प्रवास’ने मराठी वाचकाला त्या काळाची जिवंत ओळख करून दिली. झाशीची जी राणी त्यांनी पाहिली ती काशीत जन्मलेली. तिची समाधी आहे ग्वाल्हेरच्या फुलबागेत.

फुलांना राजाश्रय दिला की काय घडते, याचे उदाहरण पाहावयास काशीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. पेशव्यांच्या दरबाराला फुले पुरविणाऱ्या गोऱ्हे घराण्याला पुण्यात ३५ एकर जमीन इनाम मिळाली आणि त्या धंद्यावरून त्यांचे नावच फुले पडले. दौलतराव शिंदे वारले त्याच वर्षी, १८२७ मध्ये, त्या घराण्यात जोतीराव जन्मले. पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी भव्य मंडईच्या इमारतीवरील खर्चाला विरोध केला. गरिबांच्या शिक्षणाची गरज त्यांना अधिक निकडीची वाटत होती. १८८६ पासून वापरात आलेल्या त्याच मंडईला पुढे महात्मा फुल्यांचे नाव देण्यात आले. नावे ठेवताना इतिहास अशी थट्टा अधूनमधून करतो. काशीतल्या माळ्याकोइऱ्यांना असे इनाम किंवा असे नाव मिळाल्याचे ऐकिवात नाही. दात्यांनी अन्नछत्रे घातली, नित्यपूजेच्या नेमणुका केल्या. त्यातून परडीमागे दोन पैसे माळिणीच्या पदरात पडले, एवढेच.

संस्थाने गेली, नेमणुका आटल्या. उत्तर प्रदेशाच्या १९५० च्या जमीनदारी निर्मूलन कायद्याने बागदारांना भूमिधराचे हक्क दिले. त्या कायद्यातील बागेची व्याख्या मार्मिक आहे. झाडे अशा रीतीने लावलेली असली पाहिजेत की त्यांच्यामुळे ती जमीन मुख्यत्वे दुसऱ्या कोणत्याही कामास वापरता येऊ नये. तरच ती बाग. म्हणजे झाडे उभी आहेत तोवर बाग. ती तोडली की राहते ती नुसती जमीन, आणि वाढत्या शहराच्या कडेला नुसत्या जमिनीला आंब्यापेक्षा पुष्कळ अधिक भाव येतो. गेल्या काही पिढ्यांत काशीच्या पश्चिम-दक्षिण कडेच्या बागा याच वाटेने गेल्या. आज तेथे घरे आणि दुकाने आहेत. १९१६ साली पायाभरणी झालेल्या हिंदू विश्वविद्यालयाच्या विस्तीर्ण आवारात आंब्याची झाडे अजून रांगेने उभी आहेत. नगराला लागून एवढी हिरवळ दुसरीकडे उरलेली नाही.

तरीही बाजार थांबलेला नाही. घाऊक फळबाजार आता पहडियाच्या मंडीत भरतो, आणि फुलांचा मोठा बाजार मलदहियाला. २०२३ मध्ये बनारसी लंगडा आणि रामनगरचे वांगे यांना भौगोलिक निर्देशांक मिळाला, आणि चिरईगावच्या करवंदाचा मान २०२५ मध्ये झाला. विश्वनाथाच्या देवळातील निर्माल्याची उदबत्ती करणारे उद्योगही निघाले आहेत. फुलांची मागणी सर्वांत चढते ती लग्नसराईत आणि श्रावणात. श्रावणातील सोमवारी विश्वनाथापुढे लागणाऱ्या रांगांमुळे बेल आणि मदार यांचे भाव वाढतात. उत्तरेचा महिना पौर्णिमेला संपतो. राखीपौर्णिमा झाली की काशीकरांचा श्रावण सरतो, गर्दी ओसरते, माळिणीच्या टोपलीतला बेल स्वस्त होतो. दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट येथील मराठी घरांत तेव्हा श्रावण निम्मा उरलेला असतो. उरलेले सोमवार, शुक्रवार आणि एखाद्या नव्या सुनेची मंगळागौर व्हावयाची असते. गौरीसाठी सोळा तऱ्हेची पत्री पाहिजे असते, आणि ती मागावयास कोणी आले की माळीण विचारीत नाही की आता कसली पूजा. तिला ते ठाऊक असते.